‘मीच धाडली तिला, आता तक्रार कुठल्या तोंडानं करू?’

जतकडची एक आई सांगलीला माझ्याकडे आली ती डोकेदुखी घेऊन. झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं तासभर सांगत राहिली. निघताना दाराशी थांबली आणि म्हणाली, "ताई, पोरीचा फोन लागंना. दोन म्हयनं झालं. पोलिसांत जावं म्हणलं, तर मीच धाडलीया तिला. मलाच आत घालतील न्हवं?"

हा प्रश्न मी कितीतरी आईबापांकडून ऐकलाय, आणि या भीतीपायी मुलांचे महिने वाया जातात, म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण गौरी म्हणू.

गौरी बारा वर्षांची. आईबाप दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे आणि ती आजीपाशी राहायची. आजी वारली. वयात येणारी पोर फडावरच्या खोपटात न्यायची आईला धास्ती, आणि गावात ठेवायची तरी कुणाकडे? तेवढ्यात नात्यातलीच एक बाई आली. पुण्यात बाळ सांभाळायचं काम आहे, घरच्यासारखी राहील, शाळेतही घालतील. जाताना तिने आईच्या हातावर पंधरा हजार ठेवले. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, ते पैसे त्यात गेले.

"आईबाप पैशासाठी मुलं विकतात" असं कुणी सहज बोलून गेलं की मला राग येतो. गरज होतीच, ती मी नाकारत नाही. पण या बाईला मनापासून वाटलं होतं की उसाच्या फडापेक्षा चार भिंतींत लेक सुरक्षित राहील. मुलं नेणारी माणसं नेमकी ही काळजी हेरतात. म्हणून ती बहुतेकदा ओळखीचीच निघतात.

मी तिला परत बसवलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीची जी व्याख्या आहे, तिच्यात फसवणूक तर आहेच, शिवाय मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला पैसे देऊन होकार मिळवणंही आहे. म्हणजे ज्या पंधरा हजारांपायी ही बाई तोंड लपवत होती, ते नेणारीच्या विरुद्ध जाणारे होते. अठरा वर्षांखालच्या मुलाची तस्करी केली तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवणाऱ्यालाही सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. तुला कुणी काही विचारणारच नाही, असं मात्र मी तिला म्हणाले नाही. विचारतील, जबाब घेतील. जे झालं ते जसंच्या तसं सांग, मी सोबत येते, एवढंच म्हणाले.

तिथूनच आम्ही १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पत्ता नव्हता. आईच्या मोबाईलमध्ये एकच फोटो होता, कडेवर बाळ घेतलेली गौरी आणि मागे इमारतीच्या नावाची अर्धी पाटी. त्या अर्ध्या पाटीवरून पोरगी सापडली, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीसमोर गेली आणि तिथून घरी आली.

माझ्याकडे आली त्या पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसेना. दाराशी उकिडवी बसली. चहा प्यायली, स्वतःचा कप धुतला, मग माझा धुतला, बेसिन फडक्याने कोरडं केलं आणि विचारलं, "आता जाऊ का?" पुण्याच्या त्या घरात ती स्वयंपाकघरात झोपायची. रात्री बाळ रडलं की उठायचं काम तिचं. पगार तिने कधी पाहिला नव्हता, शाळाही नाही. घरी आल्यावरही शेजारचं मूल रडलं की ती झोपेतून उठून उभी राहायची.

आईची दुसरी काळजी आणखी अवघड होती. "बोलत न्हाई माझ्यासंगं. तू इकलंस मला म्हणती." मी सांगितलं, तुझ्या भल्यासाठीच केलं असं म्हणू नका. झालं गेलं विसर, असंही नको. माझं चुकलं, हे एकदा नीट सांगा. मग बारीकसारीक शब्द पाळा. सहाला येते म्हणालात तर सहाला घरात असा. आईवरचा विश्वास उडालाय, तो एखाद्या मोठ्या गोष्टीने परत येत नाही.

शाळेत मोठी पंचाईत होईल असं घरच्यांना वाटत होतं. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला हातात नसला तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. गौरी सातवीत बसली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, हे या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी कळलं असतं तर, हा विचार मला अजून छळतो.

यंदा बाप भावासोबत ऊसतोडीच्या कोयत्यावर गेला, आई घरी राहिली. मिळकत घटली, उचल तशीच आहे. गौरी पंधरा दिवसांनी माझ्याकडे येते. आईला अजून ‘आई’ म्हणत नाही, पण भाकरी तिच्या हातची खाते. परवा बराच वेळ गप्प बसून तिने विचारलं, "ताई, त्ये बाळ आता रातीला कुणापाशी झोपत असंल?"