आधी गोणीत हात घालून बघ

गुलटेकडी, पुणे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण काल रात्री दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण ‘सुकामेवा आणि शेंगदाण्याची निर्यात हे भारताच्या हातातलं अस्त्र आहे’ हे वाक्य खटकलं. पुढची सगळी मांडणी त्याच वाक्यावर उभी आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

बदामाचं उदाहरण तूच दिलंस, तिथूनच बघू. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्यासकट अनेक देशांच्या पोलादावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर जादा शुल्क लावलं. आपला काही माल तिथे बिनशुल्क जायचा, ती व्यापार सवलतही पुढच्या जूनमध्ये काढून घेतली. त्याच महिन्यात आपण अमेरिकेच्या सोललेल्या बदामावर किलोला २० रुपये आणि अक्रोड-सफरचंदावर २० टक्के जादा शुल्क बसवलं. बदामच का? जगातला बहुतेक बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि त्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक आपण आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये, दिल्लीतल्या जी-२० परिषदेच्या तोंडावर, आपण ते जादा शुल्क उतरवलं. या सगळ्यात आपण विकलं काय? काहीच नाही. आपलं बळ खरेदीचं होतं, आणि तू ते निर्यातीच्या खात्यात टाकलंस. शुल्क उतरलं तेव्हा काश्मीरचे सफरचंद-अक्रोडवाले धास्तावले होते, त्यांनाही चार ओळी दे.

विकणाऱ्याला अस्त्र उगारता येतं ते गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नसेल तेव्हाच. शेंगदाण्यात आपलं तसं नाही. आपण हात आखडला तर अर्जेंटिना आहे, सुदान आहे, सेनेगल आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदीच्या काळात माझा एक कंटेनर युरोपातून परत आला. दाणा टपोरा, एकसारखा, निवडलेला. पण परतीचा पाऊस लांबला होता आणि गोदामात खालच्या थराच्या गोण्या मी फळ्यांवर न ठेवता सरळ फरशीवर लावल्या होत्या. ओल चढली. वरून काही कळेना. तपासणीत अफ्लाटॉक्सिन निघालं, बुरशीचं विष. थेट खायच्या दाण्यात युरोपची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे गोणीतले मूठभर दाणे बिघडले तरी सगळा माल गेला. परत आलेल्या गोणीतला एक दाणा मी नखाने उकलला, तर दोन डाळींच्या मधल्या फटीत हिरवट पूड बसलेली. ती अजून डोळ्यांपुढे आहे. पैसे बुडाले ते बुडाले, पण त्या गिऱ्हाइकाने अर्जेंटिनाचा माल धरला आणि माझ्या पत्रांना पुढे उत्तरच आलं नाही. इतरांच्या चांगल्या मालाकडेही तो संशयाने बघत असणार, हे मला जास्त लागलं. वाटाघाटीला बसणारा आपला अधिकारी कितीही हुशार असो, त्याच्या आधी अशी एक गोणी तिथे पोचलेली असते.

म्हणून दुसरं प्रकरण ‘अस्त्र’ सोडून ‘पत’ या शब्दावर बांध. काजूचं बघ. कच्चा काजू सगळ्यात जास्त पिकतो आयव्हरी कोस्टमध्ये, पण काजूगर विकण्यात पहिला व्हिएतनाम, कारण फोडणी-सोलणीचे कारखाने त्याच्याकडे आहेत. आता आयव्हरी कोस्टही घरीच काजू फोडायची धडपड करतोय. मला हा भाग बदामाच्या भांडणापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

पिस्त्याचं एक उदाहरण मात्र तुझ्या बाजूचं आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेने इराणी मालावरची बंदी सैल केली ती गालिचे, कॅव्हियार (माशाची खारवलेली अंडी), पिस्ते आणि सुकामेव्यापुरती. तेलाला हात लावला नाही. अडलेलं बोलणं सुरू करायला अशी हलकी वस्तू बरी पडते, कारण बोलणी फिसकटली तरी कुणाचं फार जात नाही. हे नीट उलगडून लिही.

ग्रंथालयात पुष्कळ बसलीस. आता बुधवारी सकाळी मार्केट यार्डात ये, भुसार विभागात. पणन मंडळाचं कार्यालय तिथेच आहे, निर्यातीचं प्रशिक्षण देतात, त्याचीही चौकशी करू. त्याआधी मी तुला तीन गोण्यांतले दाणे कागदावर ओतून देईन. वास घे, चावून बघ, नखाने उकल, आणि यातला कुठला माल देशाच्या नावाने पाठवशील ते मला सांग.

तुझा,
काका