बारा वाजून सात मिनिटांनी

ताई, मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. सासूबाई सहा महिने अंथरुणाला खिळल्यात. कॅन्सर आहे, पण मुलीला आम्ही ‘पोटाचं दुखणं’ एवढंच सांगितलंय. तिने मैत्रिणीकडून ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही कादंबरी आणलीय. त्यात मुलाची आई मरते म्हणे. तिसऱ्यांदा वाचतेय. वहीभर झाडं काढते. रात्री साडेबारापर्यंत जागते, मी ओरडून दिवा घालवते. असलं पुस्तक या वयात काढून घ्यावं का?
– एक आई, नाशिक

पुस्तकाचं नंतर बघू. जागरणाची तक्रार तुम्ही एका ओळीत उरकलीत आणि मी तिथेच अडकले. पुस्तक तुम्ही उघडूनही पाहिलेलं नाही, हे त्यावरूनच कळलं. त्यातला कॉनर तिच्याच वयाचा, आणि त्याच्याकडे राक्षस येतो तो रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी. अहो, तुमची लेक वाट बघत बसते. आणि त्याच सुमारास तुम्ही येऊन दिवा घालवता!

झाडांचंही तेच. तो राक्षस म्हणजे यू नावाचं झाड. इंग्लंडात चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीला शेकडो वर्षं उभं असतं. विषारी, पण त्याच्याच कुळातल्या एका झाडाच्या सालीतून कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल हाती आलं. कॉनरच्या आईलाही शेवटी यूपासून केलेलं औषध देतात. ते लागू पडत नाही. ‘पोटाच्या दुखण्या’वर जिचा विश्वास बसलाय, ती मुलगी या झाडाने वह्या भरेल का? तिला सगळं ठाऊक आहे. (कादंबरीची कल्पना मुळात शिवॉन डाउड यांची. त्या २००७ मध्ये कॅन्सरने गेल्या, मग पॅट्रिक नेस यांनी ती २०११ मध्ये पुरी केली. उगाच रडवायला लिहिलेलं हे पुस्तक नव्हे.)

राक्षस कॉनरला तीन गोष्टी सांगतो आणि चौथी त्याच्याकडून वसूल करतो. ती चौथी अशी: आईवर एवढा जीव, तरी हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं.

आपल्याकडे माणूस गेलं की “सुटली बिचारी” म्हणायला अख्खी गल्ली जमते. तेच आदल्या दिवशी मनात आलं तर मात्र पाप. भिंतीपलीकडून आजीचं कण्हणं ऐकणाऱ्या पोरीच्या मनात ते आलं नसेल? तुमच्या नाही आलं, चादरी बदलताना?

पुस्तक तिच्याकडेच राहू द्या. आज रात्री बाराला तिच्या खोलीत जा. दिव्याला हात लावू नका. आजाराचं नाव सांगा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. आणि मग तिने काही विचारायच्या आत स्वतःचं सांगा: “मलाही कधीकधी वाटतं गं, सुटाव्यात आता.” आधी तुम्ही बोलायचं. ती रडेल, नाहीतर भिंतीकडे तोंड फिरवेल. उठू नका. बारा वाजून सात मिनिटं होऊन जाऊ देत.

सकाळी उठायला उशीर झाला तर सासूबाईंची पेज मिस्टरांना करू दे. तुमच्या पत्रात ते कुठे दिसलेच नाहीत.