येशिवातून कामाकडे निघालेल्यास

प्रिय मित्रा, शालोम.

येशिवा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथांची पाठशाळा, सोडून कामाला लागणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, असं तुला वाटतंय. तालमूद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, शब्बात भागात, रावा हा पंडित काय सांगतो ते पुन्हा वाच. मृत्यूनंतर न्यायासनापुढे माणसाला पहिला प्रश्न असतो, व्यवहार सचोटीने केलास का? तोराच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, अभ्यासाला वेळ बांधून घेतलास का, हा त्यानंतरचा.

'माझं कार्य कोणतं' याचं उत्तर नुसत्या विचाराने मिळत नाही. तीन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिही: आज कशात रंगलो, कशाचा कंटाळा आला. राशी आणि तोसाफोत या तालमूदवरच्या दोन भाष्यांचा मतभेद उलगडताना वेळेचं भान सुटलं, की तोच मुद्दा हेव्रुताला, म्हणजे अभ्यासातल्या जोडीदाराला, समजावताना? की आजारी सोबत्याची उस्तवार करताना? पहिला कल कायद्याकडे जाऊ शकतो, दुसरा शिकवण्याकडे, तिसरा नर्सिंगकडे. हुशार मुलगा म्हणून सगळे तुला प्रोग्रामिंगकडे ढकलतील. तुझ्या नोंदी तसं म्हणत नसतील तर जाऊ नकोस. मग त्या कामातल्या तिघांना भेट आणि 'कालचा दिवस तासातासाने सांगा' म्हण. पगार आणि मान यांबद्दल नंतर विचार.

इस्रायलमधल्या अनेक हरेदी, म्हणजे कट्टर धर्मनिष्ठ, घरांतल्या मुलांचं गणित-इंग्रजी आठवीच्या सुमारास सुटतं. थेट पदवीला गेलेले गळतात ते पाया कच्चा म्हणून, बुद्धी कमी म्हणून नाही. आधी मेखिना, म्हणजे पूर्वतयारीचा वर्ग, पुरा कर.

घसरण होते ती मात्र तोराच्या अभ्यासात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दाफ योमी धरू नकोस. त्यात तालमूदचं रोज एक पान, एकूण 2711 पानं, जवळजवळ साडेसात वर्षं. चार पानं मागे पडली की अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं. पहिले तीन महिने सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच दोन मिश्ना, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातले दोन छोटे परिच्छेद, वीस मिनिटं. संध्याकाळवर भिस्त नको, थकवा तिथेच गाठतो. हेव्रुता कोलेलमध्ये, म्हणजे विवाहितांच्या पाठशाळेत, राहिला असेल तरी आठवड्यातून दोनदा फोनवर बसा. याव्ने या प्राचीन विद्यानगरीचे पंडित म्हणत, मीही माणूस, तोही माणूस; माझं काम नगरात, त्याचं शेतात.

कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले ज्यू तेली, शनिवारी शब्बात या विश्रांतिदिनामुळे घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. तुझंही तसंच उघड असू दे. जेरुसलेममध्ये शुक्रवारी शब्बातच्या मेणबत्त्या सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी लागतात, डिसेंबरात चारच्या सुमारास. पाळीचं काम असेल तर शुक्रवार दुपारचं रुजू होण्याआधीच बोल आणि लेखी घे. 'बघू' एवढ्यावर सही करू नकोस.