ओळखीचीच माणसं, मग फोटोत ताठ का?

प्रश्न: त्याच फॅमिलीज वर्षानुवर्षं माझ्याकडे फोटोला येतात, अगदी घरच्यासारख्या, पण कॅमेरा वर केला की सगळे ताठ! काय करू?

उत्तर: अहो, घरचीच आहेत ना, मग पोझ कशाला, काहीतरी करायला द्या, पोरांना बाबांच्या खांद्यावर चढू द्या, आजीला जुना किस्सा सांगायला लावा आणि हशा पिकला तरी कॅमेऱ्याच्या बटणावरून बोट काढू नका, कारण खरी मजा त्याच्या नंतर असते, डोळे पुसत एकमेकांकडे बघतात ना तेव्हा. पळापळ असेल तर शटर स्पीड १/५०० सेकंदापेक्षा हळू नको (नाहीतर पळणारी पोरं पुसट येतात), दोन ओळींचा ग्रुप असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६ किंवा ८, नाहीतर मागचे ब्लर. मागच्या वेळचा फोटोही दाखवा, पोरगं किती वाढलं यावरच गप्पा रंगतात (तेवढ्यात तुम्ही क्लिक करत सुटा). 'चीज' मात्र म्हणायला लावू नका, प्लीज!