ताशी 22 पौंड ठरले, मग खात्यात 615 च का?

प्रश्न: मी मूळचा पेडण्याचा. पोर्तुगीज पासपोर्ट आहे, सेटल्ड स्टेटस (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क) आहे, इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. एजन्सीमार्फत बांधकाम साइटवर शटरिंगचं काम करतो. एजन्सीने मेसेज केला होता, 'ताशी 22 पौंड, आठवड्याला 45 तास'. म्हणजे 990 पौंड. कर वगैरे जाऊन 780 तरी सुटतील असा माझा हिशेब. पण पगार एजन्सी देत नाही, कुठलीशी अंब्रेला कंपनी देते, आणि खात्यात 615 येतात. स्लिपवर नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन-भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) दोनदा दिसतो, वर लेव्ही आणि मार्जिन. असं सहा महिने चाललंय. हे कायदेशीर आहे का? साइटवरचा एक जण म्हणतो, त्याची अंब्रेला 85 टक्के हातात देते. तिकडे जाऊ का? आणि माझ्या विद्यार्थी व्हिसावरच्या चुलतभावाला एक जण सीआयएसवर (बांधकामातल्या स्वयंरोजगाराच्या पद्धतीवर) घ्यायला तयार आहे, ते चालेल का?

उत्तर: तुम्हाला बोचतंय ते दोनदा कापलेलं नॅशनल इन्शुरन्स, पण ते बहुतेक कायद्यात बसतं. तुमची खरी रक्कम वेगळ्याच ओळीत अडकली आहे. सोबत पाठवलेल्या स्लिपवर 'हॉलिडे पे रिटेन्ड 91.79' असं आहे, त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. तिच्याकडे येतोच, आधी 990 चं काय होतं ते पाहू.

एजन्सीने सांगितलेले 22 पौंड हा तुमचा पगार नव्हता. तो एजन्सीने अंब्रेलाला द्यायचा दर होता. कायद्याने तुमची मालक अंब्रेला. मालकाने भरायचे कर ती त्याच दरातून भरते आणि उरेल तो तुमचा ढोबळ पगार ठरतो. आपल्याकडे सीटीसीत कंपनीचा पीएफ धरून पगाराचा आकडा फुगवतात, तसंच हे. फरक इतकाच की पीएफ कधी तरी तुमच्याकडे परत येतो, मालकाचं नॅशनल इन्शुरन्स येत नाही.

स्लिप 2025-26 या करवर्षातली आहे, म्हणून दर त्याच वर्षाचे घेतो. 990 मधून अंब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी, 20 पौंड गेलं, उरले 970. मालकाचं नॅशनल इन्शुरन्स आठवड्याच्या 96 पौंडांवरच्या पगारावर 15 टक्के, म्हणजे 113.44. अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठी मालकाने भरायचा कर, अर्धा टक्का, 4.26. राहिला ढोबळ पगार 852.30. यात कामाचा पगार 760.51 आणि त्यावर 12.07 टक्के सुट्टीचा पगार 91.79. हे सगळं दर आठवड्याला दिलं, तर त्यातून सुमारे 122 पौंड आयकर आणि तुमचं स्वतःचं नॅशनल इन्शुरन्स 48.82 (242 पौंडांवरच्या भागावर 8 टक्के) जाऊन हातात सुमारे 681 यायला हवेत. तुमची अंब्रेला सुट्टीचे 91.79 बाजूला ठेवते आणि फक्त 760.51 वर कर कापून 615 देते. आकडे जुळतात. म्हणजे तुमच्या 780 मधले शंभरेक पौंड मुळात तुमचे नव्हतेच. पण 615 आणि 681 मधला फरक तुमचा आहे.

आता दोनदा कापण्याचं. मालकाने आपल्या वाट्याचं नॅशनल इन्शुरन्स कामगाराच्या पगारातून वसूल करायला ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आहे. अंब्रेला त्यातून सुटते, कारण ती ते पगारातून नाही, तर एजन्सीकडून आलेल्या रकमेतून घेते आणि करारात तसं लिहून घेते. म्हणून स्लिपवर ती ओळ कुठे आहे ते बघायचं. 'ग्रॉस पे'च्या वर, म्हणजे 990 पासून सुरू होणाऱ्या हिशेबात असेल, तर सहसा वैध. 'ग्रॉस पे'च्या खाली, तुमच्या आयकराच्या रांगेत असेल, तर ती बेकायदा कपात. तुमच्या स्लिपवर ती वर आहे.

वर असूनही हात मारता येतो, म्हणून गणित तपासत चला. 96 पौंडांची सूट न देता सरसकट 15 टक्के कापणाऱ्या अंब्रेला असतात, आठवड्याला 14.40 पौंड त्यांच्या खिशात. लेव्ही तर वर्षाला 30 लाख पौंडांपेक्षा जास्त पगार वाटणाऱ्या मालकालाच भरावी लागते. छोटी अंब्रेला ती कापत असेल, तर ते पैसे कुठे जातात हे लेखी विचारा. मार्जिन आठवड्याला 15 ते 30 पौंड असणं नेहमीचं आहे. वर 'त्याच दिवशी पैसे', 'विमा', 'करार संपवण्याची फी' अशा ओळी दिसल्या की हरकत घ्या. टॅक्स कोड 1257एल (नेहमीची करमुक्त सूट देणारा) आहे ना, तेही बघा. बीआर (ती सूट न देणारा) लागला तर आठवड्याला आणखी 48 पौंड जातात, आणि त्यात बहुतेकदा अंब्रेलाचा दोष नसतो, पी45 (आधीची नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा दाखला) वेळेवर पोचलेला नसतो.

सुट्टीच्या पैशाकडे येऊ. 91.79 गुणिले 26 आठवडे, म्हणजे करापूर्वी सुमारे 2,386 पौंड अंब्रेलाकडे पडून आहेत, तुम्ही एकही भरपगारी सुट्टी घेतलेली नसेल तर. बाजूला ठेवण्यात गैर काही नाही. करारात तास ठरलेले नसतील, तर 1 एप्रिल 2024 ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा वर्षात हे पैसे दर आठवड्याच्या पगारातच द्यायलाही परवानगी आहे. तशी मागणी करा, बऱ्याच अंब्रेला एका अर्जावर बदल करतात. गोची असते ती रजा वर्ष संपताना. 'न घेतलेली रजा बुडाली' असं करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि पैसे गुपचूप अंब्रेलाच्या नफ्यात जातात. कायदा इतका सोपा मार्ग देत नाही. रजा घ्यायची संधी आणि प्रोत्साहन दिलं नसेल, ती बुडेल हे आधी सांगितलं नसेल, तर किमान चार आठवड्यांची रजा पुढच्या वर्षात नेता येते. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे तर द्यावेच लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो.

त्यावरही एक पळवाट काढतात. साइटवरचं काम संपलं तरी अंब्रेला पी45 देत नाही, तुम्हाला पटावर ठेवते आणि रजा वर्ष उलटू देते. म्हणून काम संपलं की एजन्सीला सांगून थांबू नका. अंब्रेलाला ईमेल करा: अमुक तारखेपासून राजीनामा, उरलेल्या रजेचे पैसे शेवटच्या पगारात द्या, पी45 पाठवा. तीन वाक्यं पुरतात.

आणि 12.07 टक्के कशावर काढलेत ते बघा. काही जण ते पूर्ण पगारावर न काढता फक्त किमान वेतनावर काढतात. 2025-26 मध्ये 21 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी ते ताशी 12.21 होतं, 45 तासांचे 549.45, त्याचे 12.07 टक्के 66.32. 91.79 च्या जागी 66.32 दिसले, तर आठवड्याला 25 पौंडांचा चुना. तुमच्या बाबतीत आकडा बरोबर आहे.

स्लिपवर पेन्शनची ओळच नाही, हे मात्र खटकतं. वय 22 किंवा त्यापुढे आणि कमाई वर्षाला 10,000 पौंडांच्या वर असेल, तर मालकाने पेन्शनमध्ये घालायलाच हवं. जास्तीत जास्त तीन महिने पुढे ढकलता येतं. तुम्हाला सहा झाले. पहिल्या दिवशी सह्या केलेल्या कागदांत बाहेर पडण्याचा फॉर्म होता का ते आठवून बघा. मालकाचा 3 टक्के वाटाही त्याच 22 पौंडांतून जाईल, हातात थोडं कमी येईल, पण तो पैसा तुमच्या नावावर राहील.

पैसे परत कुणाकडून मागायचे? 780 आणि 681 मधल्या फरकासाठी अंब्रेलावर दावा कमकुवत आहे. तुमचा पगार करार ठरवतो आणि त्यात बहुधा किमान वेतन अधिक 'जादा करपात्र पगार' असंच लिहिलेलं असतं. चूक एजन्सीची आहे. 6 एप्रिल 2020 पासून एजन्सीने अटी ठरण्याआधी 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' द्यायलाच हवं. दोन पानांचा कागद असतो: पगार कोण देणार, 990 मधून काय काय जाणार, हातात अंदाजे किती येणार. तुम्हाला नुसता मेसेज आला, कागद आला नाही, तर तो सरळ नियमभंग आहे. तक्रार फेअर वर्क एजन्सी या सरकारी संस्थेकडे करायची; एप्रिल 2026 पर्यंत हे काम एम्प्लॉयमेंट एजन्सी स्टँडर्ड्सकडे होतं. त्यातून पैसे मिळतीलच असं नाही, पण तक्रारीचं नाव काढताच काही एजन्स्या दर वाढवून विषय मिटवतात. मेसेजमध्ये 'पीएवायई' (मालकाने पगारातूनच कर कापून भरायची पद्धत) हा शब्द असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा.

सुट्टीचे पैसे अडवले किंवा बेकायदा कपात केली, तर दावा अंब्रेलावर, एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये (कामगार न्यायाधिकरणात). आधी 'एकॅस' (Acas, मालक-कामगारांत समेट घडवणारी संस्था) हिच्याकडे समेटाची नोंद करावी लागते. ती फुकट, ट्रायब्युनललाही फी नाही. मुदत शेवटच्या कपातीपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी. ही मुदत वाढवायचं सरकारने ठरवलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. मागची वसुली दोन वर्षांपर्यंतच होते. 'चर्चा चालू आहे' म्हणून अंब्रेला झुलवत ठेवते आणि मुदत टळते. बांधकामातल्या दाव्यांत असं घडतं.

आता 85 टक्क्यांची ऑफर. जाऊ नका. 990 चे 85 टक्के म्हणजे 841.50. कर आणि दोन्ही नॅशनल इन्शुरन्स भरून एवढे उरूच शकत नाहीत, वरचं गणित पुन्हा बघा. हे लोक कागदावर फक्त किमान वेतन दाखवतात, 549.45, कर जाऊन त्याचे सुमारे 463 होतात. उरलेले 378 'कर्ज', 'अ‍ॅडव्हान्स', 'अ‍ॅन्युइटी' अशा नावाने दुसऱ्या खात्यातून येतात आणि त्यावर कर भरलेला नसतो. एचएमआरसी (ब्रिटनचं कर खातं) पुढे तो कर व्याजासकट तुमच्याकडे मागू शकते. 'अकाउंटंटने सांगितलं होतं' हा बचाव चालत नाही. 6 एप्रिल 2026 पासूनच्या पगारांवर अंब्रेलाने बुडवलेल्या पीएवायईसाठी एजन्सीलाही जबाबदार धरण्याचा नियम आहे, पण या कर्जवाल्या योजनांत तेवढ्यावर विसंबू नका. ओळखायची खूण सोपी: एचएमआरसीच्या अ‍ॅपमध्ये त्या आठवड्याचा नोंदवलेला पगार बघा आणि खात्यात आलेली रक्कम बघा. खात्यात जास्त असेल, तर पळा. दर काही आठवड्यांनी स्लिपवर कंपनीचं नाव बदलत असेल, तरी पळा. आणि प्रवास-जेवणाचा खर्च दाखवून कर वाचवतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. देखरेखीखाली काम करणाऱ्या अंब्रेला कामगारांसाठी ते दार 6 एप्रिल 2016 ला बंद झालं.

त्यापेक्षा एजन्सीला थेट पीएवायईवर घ्यायला सांगा. ती बांधील नाही, पण पुष्कळ जणी विचारलं की देतात. दर मात्र नीट तोला. अंब्रेलाचे 22 म्हणजे थेट पीएवायईचे ताशी 16.90, सुट्टीचा पगार वेगळा. एजन्सी 18 देत असेल, तर 22 सोडून 18 घ्या: 45 तासांचे 810 आणि सुट्टीचे 97.77, म्हणजे ढोबळ पगार 907.77, सध्या तो 852.30 आहे. याच साइटवर 12 आठवडे झाले असतील, तर तिथल्या कंपनीच्या स्वतःच्या शटरिंग कारपेंटरला मिळतो तो मूळ दर मागायचाही तुम्हाला हक्क आहे. तिथे युनाइट युनियनचा प्रतिनिधी असेल, तर आकडा त्यालाच विचारा.

चुलतभावाचं उत्तर थोडक्यात: नाही. सीआयएस म्हणजे स्वतंत्र धंदा करणारा म्हणून काम, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही, तास कितीही कमी असोत. 20 टक्के कापून बाकी रोख मिळत असले, तरी त्यात व्हिसा जाऊ शकतो. पदवीच्या कोर्सला असेल, तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत पीएवायईवर नोकरी करता येते. एखादी अंब्रेला त्याला घेईलही, फक्त टाइमशीटवर 20 च्या वर एक तासही जाऊ देऊ नका.