होडीवर लागलं तर आधी कळव

भो, यंदा पहिल्यांदाच होडीवर जातोयस म्हणून सांगतो. उकाई धरणाचं बॅकवॉटर असो की हतनूर धरण, आपल्याकडे जखम सांगायची पद्धतच नाही. शिंगाळा माशाचा काटा बोटात घुसला की हळद दाबायची अन् पुन्हा जाळं ओढायचं. ‘काही होत नाही!’ मग चार दिवसांनी हात सुजतो, आणि तो मासेमारीतच लागला याला पुरावा काय?

म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेशीलच, पण केसपेपरवर नुसतं ‘हाताला जखम’ लिहू देऊ नकोस. ‘होडीवर मासेमारी करताना’ असं सांगून लिहून घे, तारखेसकट. नंतर आपल्या मच्छीमार सोसायटीच्या सचिवाला साधा अर्ज दे: जागा, वेळ, सोबत कोण होतं. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. सचिव ‘राहू दे रे’ म्हणतील, ते म्हणतातच.

हे कागद कशाला? सरकारच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख, दवाखान्यात भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, पण विम्याच्या यादीत आपलं नाव आहे का, हे हंगामाआधीच विचार. वारसाचं नावही बघून घे.

कोणी बुडालं तर मात्र गावातल्या गावात मिटवू नका. पोलिसांत खबर, पंचनामा, शवविच्छेदन. घरचे नको म्हणतात, समजतं मला, पण त्या कागदांशिवाय विधवेचा दावा अडकतो.

ठेकेदाराच्या होडीवर रोजाने जात असशील तर त्यालाही लेखीच कळव. फोनवर तो सगळ्याला हो म्हणतो.