शर्मन रणगाड्याचे इतके प्रकार का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी शर्मन रणगाड्याचे ए१ ते ए४ हे प्रकार म्हणजे एकापाठोपाठ एक झालेल्या सुधारणा होत्या का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. १९४२ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा विमानांच्या जातीचे मूळ इंजिन पुरेसे मिळेना, म्हणून ए२ मध्ये जोड डिझेल इंजिने, ए३ मध्ये फोर्डचे आठ सिलिंडरांचे, तर ए४ मध्ये क्रायस्लरने मोटारींची पाच इंजिने जोडून घडवलेले तीस सिलिंडरांचे अचाट यंत्र बसवले गेले. ए१ चे वेगळेपण ओतीव सांगाड्यात होते. खरी सुधारणा पुढे झाली : तोफगोळ्यांभोवती पाण्याचे कप्पे आल्यावर आगी घटल्या आणि ७५ ऐवजी ७६ मिलिमीटरची तोफ आली. ब्रिटिशांनी शर्मनवर सतरा पौंडी (म्हणजे सुमारे सतरा पौंडांचा गोळा डागणारी) तोफ बसवून ‘फायरफ्लाय’ हा प्रकार घडवला.